फोनची ताकद कमी पडतेय की गेमच जड झालाय?

मोरपीस (धागाकर्ती)

मंडळी, एक घरगुती तंटा तुमच्यापुढे मांडतेय.

तीन वर्षांपूर्वी घेतलेला माझा फोन आता चिरंजीवांकडे आहे. घेतला तेव्हा त्या कंपनीचा सगळ्यात वरचा होता. ८ जीबी रॅम, आठ कोर, सगळी मिजास. त्यावर तो टोळी करून खेळायचा एक नेमबाजीचा गेम खेळतो. दीड वर्ष काही तक्रार नव्हती. मागच्या महिन्यात गेमचं मोठं अपडेट आलं आणि तेव्हापासून 'आई, लॅग होतोय' हे पालुपद सुरू आहे. त्याच्या मते फोन आता या गेमला पुरत नाही, नवा हवा.

मला ते पटेना, कारण भाचीकडे याच्याहून बराच कमी ताकदीचा फोन आहे आणि तिच्याकडे तोच गेम तासभर निवांत चालतो.

फोन एखाद्या गेमला पुरतो की नाही हे ठरवायचं कसं? कंपनीचं आणि चिपचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर पाचव्या प्रतिसादापर्यंत ब्रँडयुद्ध पेटेल. ज्यांना हवं त्यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

---

साडेसाती

तीन वर्षं म्हणजे फोनचं म्हातारपण. मुलगा बरोबर बोलतोय. १६ जीबी रॅमचा घ्या, पुढची चार वर्षं डोक्याला ताप नाही.

---

खटपट्या

@साडेसाती, रॅमचा इथे काय संबंध?

ताई, नवा फोन घ्यायच्या आधी एक सांगा. 'लॅग' म्हणजे नक्की काय होतं? हा एकच शब्द लोक तीन वेगळ्या दुखण्यांना वापरतात. पोट दुखतंय म्हणून आलेल्याला वैद्य आधी 'कुठे?' विचारतो, तसं आहे हे.

मुलाला म्हणावं, एका जागी उभा राहा आणि नुसतं गोल फिरून चारी दिशांना बघ. दृश्य लोण्यासारखं फिरतंय, पण शत्रू मात्र इथून गायब होऊन तिथे उगवतोय, गोळी लागूनही उशिरा मरतोय, असं असेल तर दोष नेटचा. फोनला कितीही ताकद दिलीत तरी ते सुधारणार नाही. गोल फिरताना सगळं चित्रच अडखळत असेल तर फोनचं काम कमी पडतंय. आणि एरवी ठीक, पण नवीन जागी गेल्यावर किंवा पहिला स्फोट झाल्यावर एकदाच हिसका बसत असेल तर ते तिसरंच प्रकरण, त्यावर नंतर लिहितो.

---

मोरपीस

शेजारी बसून बघितलं. सुरुवातीला अगदी झकास. चित्र खरंच गुळगुळीत फिरत होतं. दुसरा सामना सुरू झाला आणि दहाएक मिनिटांनी सगळंच चित्र अडखळायला लागलं, जुन्या सिनेमाची रिळं फिरावीत तसं. शत्रू उड्या वगैरे मारत नव्हते.

तो म्हणाला, 'बघ, तरी कोपऱ्यात १२० दाखवतोय, म्हणजे गेमच खराब लिहिलाय.' त्याने डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन कुठलातरी आकडा चालू केलाय.

---

खटपट्या

तो आकडा पडद्याचा आहे, गेमचा नाही. पडदा सेकंदाला १२० वेळा ताजा होतोय एवढंच तो सांगतो. गेमने नवीन चित्र सेकंदाला ४० च दिली तर पडदा तेच चित्र तीन-तीनदा दाखवत बसतो. वाढपी पंगतीत १२० फेऱ्या मारतोय, पण स्वयंपाकघरातून ताटं ४० च येतायत.

गेमचा एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती नवी चित्रं, बघायचा असेल तर गेमच्याच सेटिंगमध्ये किंवा फोनच्या गेम मोडमध्ये आकडा असतो, तो लावा.

हिशेब साधा आहे. ६० एफपीएस हवे तर एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. ९० ला ११.१ आणि १२० ला ८.३. तेवढ्या वेळात शत्रू कुठे आहे, गोळी कुठे लागली, सावली कुठे पडली हे ठरवून पूर्ण चित्र रंगवून व्हायला हवं. म्हणून 'हा फोन गेमला पुरतो का' हा प्रश्न अर्धाच आहे. किती एफपीएसला, कुठल्या ग्राफिक्सवर आणि किती वेळ, हे पुढे जोडल्याशिवाय उत्तर देता येत नाही. तुमच्या केसमध्ये मला 'किती वेळ'चा वास येतोय.

---

टिकली

वाचनखूण साठवली. आमच्याकडेही हाच तंटा आहे, फक्त चिरंजीवांच्या जागी अहो आहेत.

---

साडेसाती

रॅमचा संबंध नाही कसा? माझ्या फोनला ८ जीबी आहे आणि वर ८ जीबी व्हर्च्युअल रॅम. सेटिंगमधून चालू केल्यापासून फरक जाणवतो.

---

जुनाखोड

मनाचा फरक असावा, हलके घ्या.

व्हर्च्युअल रॅम म्हणजे स्टोरेजचा एक तुकडा. एलपीडीडीआर५ रॅमचा वेग कागदावर सेकंदाला ५१ जीबीच्या आसपास जातो. यूएफएस ३.१ स्टोरेज अगदी टोकाला गेलं तरी २.९ जीबी. रॅमच्या जागी ते वापरणं म्हणजे ओट्यावर जागा नाही म्हणून अर्धी भांडी माळ्यावर ठेवणं. भांडी मावतात, पण दरवेळी शिडी लावावी लागते. पार्श्वभूमीतली अॅप्स तिथे झोपवायला ठीक आहे, चालू गेमला त्याचा उपयोग नाही.

खऱ्या रॅमचं काम एवढंच की गेम आत मावावा आणि मध्येच फोन आला तर परत आल्यावर गेम पहिल्यापासून सुरू होऊ नये. एकदा मावला की वरच्या रिकाम्या रॅमने एफपीएस वाढत नाही.

---

भोचक

आठ कोर, आठ कोर करतात त्यावरही कुणीतरी लिहा. आमच्या ऑफिसात एकाने 'माझे आठ आणि तुझे सहाच' म्हणून आयफोनवाल्याला चिडवलं होतं.

---

जुनाखोड

😀 कोर म्हणजे चिपमधले काम करणारे गडी. ते मोजणं म्हणजे घरातली माणसं मोजून कमाई ठरवणं.

हेलियो पी३५ या चिपमध्ये आठही कोर कॉर्टेक्स-ए५३ आहेत, म्हणजे आठही जण हलक्या कामाचे. हेलियो जी९९ मध्येही आठच आहेत, पण त्यातले दोन ए७६, दांडगे, आणि बाकीचे सहा ए५५. गेमचा मुख्य धागा (हा धागा नव्हे!) बहुतेक वेळा एकदोन कोरवरच लटकलेला असतो. त्यामुळे ते एकदोन किती दांडगे यावर खेळ ठरतो, उरलेले बघे.

आणि हा झाला नुसता सीपीयू, म्हणजे हिशेब करणारा भाग. चित्र रंगवतो तो जीपीयू, आणि जाहिरातीत त्याचं नावसुद्धा नसतं. स्नॅपड्रॅगन ८४५ ही २०१७ च्या डिसेंबरात जाहीर झालेली चिप, ६८० आली २०२१ मध्ये. चार वर्षांनी नवी, म्हणून भारी? जीपीयूत जुनी ८४५ तिला सहज मागे टाकते, कारण ती वरच्या घराण्यातली आणि ६८० मधल्या. चिपच्या नावातला आकडा आणि फोनचं साल, दोन्ही फसवे.

ताई, तुमची चिप व्यनित पाहिली. एक थोरला, तीन मधले, चार धाकटे कोर, वर तगडा जीपीयू. या गेमला ताकद कमी पडायचं काही कारण नाही. खटपट्याला जो वास येतोय तोच मलाही येतोय.

---

मोरपीस

मग भाचीच्या फोनवर का चालतं आणि आमच्या तगड्या फोनवर का नाही?

---

खटपट्या

कारण तुमचा फोन ससा आहे आणि तिचा कासव.

फोनला पंखा नसतो. काही गेमिंग फोनमध्ये घालतात, ते सोडा. आतली उष्णता पाठीतून आणि काचेतून जेवढी बाहेर पडेल तेवढीच. हातात धरवेल इतपत गरम राहून फोन सतत बाहेर टाकू शकतो ती साधारण चारपाच वॅट. तुमच्या फोनची चिप मात्र पूर्ण जोरात याच्या दुप्पट खाऊ शकते. पहिली काही मिनिटं ती खाते, कारण फोन अजून थंड असतो आणि उष्णता साठवायला जागा असते. ती जागा भरली की फोन स्वतःच चिपचं घड्याळ, म्हणजे तिचा वेग, खाली उतरवतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. हा बिघाड नाही, तसं केलं नाही तर तुमचा हात भाजेल आणि बॅटरीची वाट लागेल.

भाचीची चिप मुळातच एवढी खात नाही. तिला उतरायला जिनाच नाही. म्हणून ती पहिल्या मिनिटाला जशी चालते तशीच चाळिसाव्या मिनिटाला.

खात्री करायची असेल तर थ्रीडीमार्क या वेग मोजणाऱ्या अॅपमध्ये 'वाइल्ड लाइफ स्ट्रेस टेस्ट' आहे. एकच दृश्य एकेक मिनिटाच्या वीस फेऱ्यांत चालवते, सर्वांत चांगली आणि सर्वांत वाईट फेरी दाखवते आणि दोन्हींचं प्रमाण टक्क्यांत देते. दोन्ही फोनवर लावा, आकडे इथे टाका.

---

बोकोबा

काडी टाकून पळतो: कंपन्या मुद्दामच फोन हळू करतात.

---

जुनाखोड

पळू नका, थांबा. तुमच्या काडीत थोडा जाळ आहे.

ॲपलने २०१७ च्या अखेरीस मान्य केलं होतं की बॅटरी थकलेल्या जुन्या आयफोनचा वेग ते सॉफ्टवेअरमधून आवरतात. कारण त्यांनी दिलं की थकलेली बॅटरी एकदम मोठा प्रवाह देऊ शकत नाही आणि फोन अचानक बंद पडतो. तांत्रिकदृष्ट्या ते खरंच आहे, राग होता तो न सांगता केल्याचा. मग २०१८ मध्ये बॅटरीची तब्येत दाखवणारं पान आलं.

२०२२ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२२ वरून गदारोळ झाला. 'गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिस' गेमचा आणि बऱ्याच अॅपचा वेग आवरायची, बेंचमार्कचा, म्हणजे वेग मोजणाऱ्या अॅपचा, मात्र नाही. गीकबेंच या बेंचमार्कने मग एस१० ते एस२२ अशा चार पिढ्या आपल्या यादीतून काढून टाकल्या. नंतर कंपनीने अपडेट देऊन तो लगाम वापरणाऱ्याच्या हातात दिला.

म्हणजे आवरणं गरजेचं, लपवणं गैर. दुकानातला बेंचमार्कचा आकडा बघून गेमची ताकद ठरवणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवलेली बरी.

---

मोरपीस

आकडे आणलेत! काल रात्री दोन्ही फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवून चाचणी लावली. घरातले सगळे शर्यत बघायला जमले.

आमचा फोन: चांगली फेरी ५७१०, वाईट फेरी ३३१०. टक्के ५८.
भाचीचा: चांगली १२३०, वाईट १२२०. टक्के ९९.

आमचा फोन सहाव्या फेरीपासून घसरायला लागला. दहाव्या फेरीला पाठ इतकी तापली की मी बोट ठेवलं आणि उचललं. भाचीचा नुसता कोमट.

पण आता नवीनच कोडं पडलं. आमचा फोन अगदी दमल्यावरही ३३१०, म्हणजे तिच्या फोनच्या अडीचपटीहून जास्त आहे. मग तो अडखळतो का? ससा झोपलेला असतानाही कासवाच्या पुढेच आहे की!

---

भोचक

वा! धागाकर्ती असावी तर अशी.

---

खटपट्या

हा प्रश्न धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. दोन्ही फोनवर गेमची ग्राफिक्स सेटिंग काय आहे? पैज लावतो, आमच्या सशाच्या पाठीवर ओझं जास्त आहे.

---

मोरपीस

ही घ्या. भाची: ग्राफिक्स 'लो', फ्रेम रेट ३०. चिरंजीव: ग्राफिक्स 'अल्ट्रा', फ्रेम रेट ९०, सावल्या चालू, कडा गुळगुळीत करणारं ते काहीतरी चालू. शिवाय फोनचा पडदा १४४०×३२०० वर. वर जाडजूड रबरी कव्हर. आणि खेळतो कुठे, तर गादीवर पालथा पडून, चार्जर लावून.

---

खटपट्या

😀😀 फोनने अजून राजीनामा दिला नाही हेच विशेष.

एकेक बघू. ३० ला एका चित्राला ३३ मिलिसेकंद मिळतात, ९० ला ११. म्हणजे तिप्पट काम इथेच झालं. १४४०×३२०० म्हणजे ४६ लाख ठिपके. १०८०×२४०० वर आणलं तर २६ लाख. काही गेम आतून कमी ठिपक्यांवर रंगवून मग चित्र ताणतात, त्यामुळे पूर्ण फरक दिसेलच असं नाही, पण करून बघायला काही जात नाही. सावल्या तर जीपीयूचं रक्त पितात, त्यासाठी अर्धं दृश्य पुन्हा रंगवावं लागतं.

चार्जिंगने बॅटरी आतून तापते आणि ती बसलेली असते चिपच्या शेजारी. वर कव्हर, खाली गादी. उष्णता जाणार कुठे? काही फोनमध्ये बॅटरीला वळसा घालून थेट फोनला वीज देणारं 'बायपास चार्जिंग' असतं, तुमच्यात असेल तर ते चालू करा. नसेल तर आधी चार्ज, मग खेळ.

आता यातली गंमत. चिपचा वीजखर्च नुसता घड्याळाच्या वेगावर नाही, व्होल्टेजच्या वर्गावरही अवलंबून असतो, आणि वेग उतरवला की व्होल्टेजही उतरवता येतं. दोन्ही २० टक्क्यांनी उतरले तर खर्च जवळजवळ निम्म्यावर येतो. ०.८ चा घन करून बघा. म्हणून ९० चा हट्ट सोडून ६० वर कुलूप लावलं तर हातात येणारा खेळ फारसा कमी होत नाही, उष्णता मात्र धाडकन खाली येते. ९० वरून सतत ५० कडे घसरणाऱ्या चित्रापेक्षा ठाम ६० डोळ्याला कितीतरी गोड. डोळ्याला सावकाशपणा चालतो, हिसके चालत नाहीत.

---

टिकली

तिसरं प्रकरण सांगतो म्हणाला होतात, ते राहिलं.

---

खटपट्या

हो, शेडर.

गेममधला प्रत्येक पृष्ठभाग, पाणी, धूर, काच, कसा रंगवायचा याचे छोटे छोटे प्रोग्राम असतात. ते प्रत्येक फोनच्या जीपीयूच्या भाषेत फोनवरच तयार करावे लागतात आणि मग साठवून ठेवले जातात. गेमचं मोठं अपडेट आलं की जुना साठा बाद होतो. मग पहिला स्फोट, पहिलं नवं शस्त्र, पहिला नवा नकाशा, दरवेळी 'थांबा, बनवतोय' म्हणून एक हिसका. दोनचार सामन्यांत तो आपोआप विरतो. काही गेम सुरुवातीलाच एक पट्टी दाखवून सगळं बनवून घेतात. लोक वैतागून ती पट्टी मध्येच सोडतात आणि मग खेळताना भोगतात.

अपडेटच्या आठवड्यात 'फोन गेला' म्हणणाऱ्यांपैकी बरेचजण याचे बळी असतात.

---

जुनाखोड

त्यात एक भर. ताकद भरपूर असूनही गेम मुळात सुरूच होत नाही, असंही असतं. गूगलची पिक्सेल मालिका पिक्सेल ७ पासून फक्त ६४-बिट, म्हणजे नव्या बांधणीची, अॅप घेते, आणि आयफोनने २०१७ मध्ये आयओएस ११ पासूनच जुन्या ३२-बिट बांधणीला रामराम केला. जुन्या फोनवर पळणारा एखादा साधा, आवडता गेम नव्या महाबली फोनवर उघडतच नाही, तेव्हा शक्ती काय कामाची? माझा एक कोड्यांचा गेम असाच गेला. त्याच्यासाठी एक जुना फोन अजून खणात ठेवलाय. त्याची बॅटरी दीड तास टिकते, तेवढी मला पुरते.

---

टिकली

मग मीही विचारून घेते. सासूबाई फक्त सुडोकू खेळतात आणि तोही अडकतो! सुडोकूला कसला आलाय एफपीएस?

---

जुनाखोड

सुडोकू नाही, त्यातली जाहिरात अडकत असणार. दोन कोडी झाली की व्हिडिओ येतो ना? ८१ चौकोनांना काही लागत नाही, व्हिडिओची जाहिरात उतरवून चालवायला मात्र लागतं. वर स्वस्तातल्या जुन्या फोनात ईएमएमसी स्टोरेज असतं, ते एका वेळी एकतर वाचतं नाहीतर लिहितं. यूएफएस दोन्ही एकदम करतं. स्टोरेज काठोकाठ भरलं असेल तर आणखी रडतं. नेट बंद करून खेळायला द्या आणि फरक सांगा.

---

टिकली

विमान मोडवर दिला. सुडोकू पळतोय. सासूबाई विचारतायत की मध्येमध्ये येणारी ती दागिन्यांची चित्रं कुठे गेली.

---

साडेसाती

बरं, मान्य. रॅमचं मागे घेतो. पण मग नवा फोन घ्यायची वेळ आली हे कधी समजायचं? कधीतरी येणारच ना?

---

खटपट्या

रास्त प्रश्न. सगळं सगळ्यात खाली आणलंय, कव्हर काढलंय, फोन थंड आहे आणि पहिल्याच मिनिटाला ३० ही टिकत नाहीत, तर ताकद संपली. गेम दर दहा मिनिटांनी आपोआप बंद होऊन घरच्या पडद्यावर टाकतोय, तर बहुधा रॅम संपली. पहिलं मिनिट छान आणि पंधरावं वाईट, तर ताकद आहे, उष्णता निघत नाहीये. तीन वर्षांच्या फोनात बॅटरी बदलूनही बघावी. थकलेल्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, त्यामुळे तीही जास्त तापते.

आणि घ्यायचाच झाला तर पहिल्या फेरीचा आकडा बघू नका, विसाव्या फेरीचा बघा. परीक्षणं लिहिणारे हल्ली तो देतात. ५८ टक्केवाला महाग ससा घेण्यापेक्षा नव्वदीतलं मधलं जनावर मला केव्हाही आवडेल.

---

मोरपीस

अहवाल देते.

कव्हर काढलं, चार्जर काढला, गादीवरून खुर्चीवर आणलं. पुन्हा स्ट्रेस टेस्ट: वाईट फेरी ४१२०, टक्के ७२. नुसत्या कव्हर-चार्जरचा एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं. मग गेममध्ये ग्राफिक्स मध्यम, सावल्या बंद, फ्रेम रेट ६०, पडदा १०८० वर. काल पाऊण तास घड्याळ लावून बसले. आकडा ५८ ते ६० मध्येच. पाठ गरम, पण बोट ठेवता येईल इतकीच.

नव्या फोनचा अर्ज तूर्त फेटाळला.

---

भोचक

चिरंजीवांचं काय म्हणणं?

---

मोरपीस

त्याने हा धागा वाचला. म्हणाला, एक सामना बारा मिनिटांचा असतो आणि कव्हर नसेल तर फोन तेराव्या मिनिटाला दमतो, म्हणजे अल्ट्रावर एक सामना पूर्ण होतो. आता तो एक सामना अल्ट्रावर खेळतो आणि मग फोन फरशीवर पालथा घालून थंड व्हायची वाट बघतो.

---

खटपट्या

पोरगं हुशार आहे. आणि थंड होईपर्यंत काय करतो?

---

मोरपीस

माझा फोन मागतो.